बाहुबलीच्या पायाशी तीन भाषा

सीमाभागातल्या सदलग्याच्या बसथांब्यावर एक जण विचारतो, 'काय करायलाईस?' दुसरा विचारतो, 'येन माडाकत्ती?' प्रश्न एकच, आणि नवल म्हणजे घडणही एकच. 'करायला लागलायस' झिजून पहिला झाला, 'माडाक हत्ती' झिजून दुसरा, आणि इथे 'हत्तु' म्हणजे लागणं! आर्य कुळातली मराठी आणि द्राविड कुळातली कन्नड दूधगंगेच्या काठी एकाच साच्यात बोलतात. मग दोन्ही न येणाऱ्याने कानावर पडलेली भाषा ओळखायची कशी?

नुसत्या नामांवर विसंबू नये. अण्णा, अक्का, बस ही दोन्हीकडची. 'ळ'ही दोन्हीकडे आहे. तो ऐकू आला तर फार तर प्रमाण हिंदी बाद होते. 'चांगलं'मधला दंततालव्य 'च' मात्र कन्नडमध्ये नाही. आणि शब्दाचा शेवट ऐकावा: कन्नडला स्वरावर थांबायला आवडतं, म्हणून बसची 'बस्सु' होते.

पण खरी खूण क्रियापदात असते. तिचा सर्वांत देखणा पुरावा श्रवणबेळगोळला आहे. सदलगा हे जैन आचार्य विद्यासागरांचं जन्मगाव. इथल्या जैन घरांना श्रवणबेळगोळचं तीर्थ परकं नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग घराण्यातल्या राजाचा मंत्री चावुंडराय याने तिथे सुमारे 57 फुटी बाहुबली उभारला. त्याच्या पायाशी तीच गोष्ट तीन भाषांत कोरली आहे. कन्नड: 'चावुंडराजं माडिसिदं'. तमिळ: 'चामुण्डराजन् चेय्वित्तान्'. नागरीत: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'.

नागरी लिपी पाहून भाषा ठरत नाही. संस्कृतही त्याच लिपीत लिहितात. शेवट बघा. कन्नड आणि तमिळमध्ये चावुंडराज कर्ता म्हणून ताठ उभा आहे, क्रियापद त्याच्याच मागे चालतं. तिसऱ्या ओळीत चावुंडराजाला 'एं' लागून तो 'चावुंडराजाने' झाला आणि क्रियापद 'लें' लावून, त्याला सोडून करवलेल्या वस्तूच्या मागे गेलं. 'रामाने घर बांधलं', 'सीतेने घर बांधलं' यांत आपण आजही हेच करतो. त्या दोन प्रत्ययांत आपलं सगळं व्याकरण बसलं आहे, आणि मला ते त्या मूर्तीइतकंच भव्य वाटतं.

खाली आणखी एक ओळ आहे: 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. बाराव्या शतकात होयसळ सेनापती गंगराजाने मूर्तीभोवती आवार बांधलं, त्याची ही नोंद. 'सुत्तालय'मधला 'सुत्तु' म्हणजे भोवताल, शब्द अस्सल कन्नड. तरी 'करवियले' येताच ओळ आपली होते. आपली म्हणजे कुणाची, यावर मात्र वाद आहे: कोकणीचे अभ्यासकही तिच्यावर हक्क सांगतात, आणि भूतकाळातला तो 'ल' त्यांच्याकडेही आहे.