छातीवरची पदके आणि छातीतला रोग

भोरच्या न्यायालयात वकिली करताना माजी सैनिकांची जी कामे आमच्याकडे येतात, त्यांतली बहुतेक पेन्शनची असतात. कुणाचे नाव डिस्चार्ज बुकात एक तर आधारकार्डावर दुसरे, कुणाच्या पत्नीची जन्मतारीख चुकलेली, कुणाची 'वन रँक वन पेन्शन'ची थकबाकी अडकलेली. वेल्हे तालुक्यातील (सरकारदरबारी आता त्याचे नाव राजगड तालुका आहे, आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच) एका वाडीवरचे निवृत्त हवालदार असेच थकबाकीसाठी आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सारी कागदपत्रे आणि त्या कागदांत गुंडाळलेल्या छातीच्या एक्स-रेच्या दोन फिल्म. बोलता बोलता दर दोन वाक्यांनी खोकत होते.

"आप्पा, छातीचं दाखवलं का कुठं?" आम्ही विचारले.

"दाखवलं की, वकीलसाहेब. टीबी म्हणले. गोळ्या चालू हायेत. आन् खोकल्याचं काय, त्यो तर फौजेतला जुना दोस्त हाय."

आम्ही हसलो आणि थकबाकीच्या कागदांकडे वळलो. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू कधीच सापडले नव्हते. एक्स-रेवरचा डाग पाहून गोळ्या सुरू झाल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळले. पाच महिन्यांत माणूस निम्मा झाला. पुण्यात नेऊन सीटी स्कॅन केला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. थकबाकी मंजूर झाली, पण ती जमा झाली त्यांच्या पत्नीच्या खात्यात. त्या पिशवीतला प्रत्येक कागद आम्ही वाचला होता. तेवढ्या दोन फिल्म बाजूला ठेवल्या होत्या.

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार करून या अन्यायाला वाचा फोडली. १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि महायुद्ध संपताच १९२१ साली ती मोडली गेली. सुभेदार रामजींच्या सुपुत्राने, आमच्या बाबासाहेबांनी, हा प्रश्न सोडला नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. हा इतिहास आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण ज्या सैनिकांच्या नावाने आपण मान ताठ करतो, त्यांच्यातला जो आज आपल्याच वस्तीत ओट्यावर बसून खोकतो आहे, त्याच्या फुप्फुसात काय चालले आहे हे चळवळीच्या किती कार्यकर्त्यांनी विचारले? जयंतीला शाल-नारळ देतो, स्टेजवर बसवतो. पुढे काय?

फौजेचे जगणे फुप्फुसाला जड जाते. रात्रीचा पहारा, थंडी, घरापासूनचे अंतर आणि हातात बिडी किंवा सिगारेट. दुसऱ्या महायुद्धात तर सैनिकांना शिध्याबरोबर सिगारेट मिळत असे. बर्फाळ चौक्यांवर बंद बंकरमध्ये रॉकेलची बुखारी पेटलेली आणि सकाळी थुंकी काळी, हे वर्णन आम्ही अनेक माजी सैनिकांकडून ऐकले आहे. ज्यांनी वाहन दुरुस्तीच्या कार्यशाळेत नोकरी केली त्यांच्या वाट्याला डिझेलचा धूर आला. डिझेलचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हे दोन्ही माणसाला कर्करोग करतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निर्वाळा आहे. निवृत्तीनंतर गावी आल्यावर सिगारेट परवडत नाही म्हणून बिडी सुरू होते. बिडी पानाची, म्हणून सौम्य, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती साफ खोटी आहे. बिडी विझू नये म्हणून माणूस जास्त झुरके घेतो आणि डांबर व निकोटीन जास्तच आत ओढतो.

या रोगाचा कावा असा की, गाठ लहान असते तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. दुखायला लागते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. आपल्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात. क्षय इतका पसरलेला आहे की एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा, आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण थुंकीत जंतू नाहीत, गोळ्यांनी महिना-दोन महिन्यांत फरक नाही, असे असेल तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी मागितलीच पाहिजे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

तक्रार नसतानाही लवकर शोधण्याचा मार्ग आज आहे. त्याला कमी मात्रेचा सीटी स्कॅन म्हणतात. इंजेक्शन नाही, भूल नाही, काही मिनिटांचे काम, आणि किरणांची मात्रा नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बरीच कमी. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली आला : साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील चाचणीत पुरुषांमध्ये दहा वर्षांत ही घट २४ टक्के दिसली. ते वर्ष २०२०. दरवर्षी एक्स-रे काढत राहण्याने मात्र मृत्यू कमी होत नाहीत, हेही २०११ सालीच सिद्ध झाले. तेव्हा "एक्स-रे क्लिअर आहे" या वाक्यावर निर्धास्त होऊ नये.

ही तपासणी कुणी करावी? सरसकट सगळ्यांनी नव्हे. अमेरिकेतील २०२१चा निकष असा : वय ५० ते ८०, रोज एक पाकीट प्रमाणे २० वर्षे किंवा त्याच हिशेबाने धूम्रपान, आणि अजून ओढत असेल किंवा सोडून १५ वर्षे झाली नसतील. अशांनी दरवर्षी तपासावे. दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्या अमेरिकी चाचणीत संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी शंभरातले ९६ शेवटी कर्करोगाचे निघाले नाहीत. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुप्फुसात असतात, म्हणजे नसत्या धास्तीची शक्यता आणखी. म्हणून कुठल्याशा जाहिरातीतले पॅकेज घेऊन नव्हे, तर छातीच्या तज्ज्ञाला विचारून, वय आणि बिडीचा हिशेब सांगून ही तपासणी करावी. आणि ज्याच्या थुंकीत रक्त येते, आवाज बसला आहे, वजन उतरते आहे, खांदा सतत दुखतो, त्याने वयाचे निकष बघत बसू नये. त्याला पूर्ण तपासणीच हवी, आणि तीही ताबडतोब.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याच्या रुग्णालयांतून ही तपासणी चालते. तिथे २०२२ साली कायदाच झाला : ठरावीक युद्धक्षेत्रांत जळत्या कचऱ्याच्या धुरात राहिलेल्या सैनिकाला श्वसनसंस्थेचा कर्करोग झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असे मानायचे, सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे. फुप्फुस त्यात नाही. मग जे हाताशी आहे ते वापरले पाहिजे. एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. पेन्शनधारक, त्यांची पत्नी आणि कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवा तिच्या सदस्य होऊ शकतात. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ आहे. पॉलिक्लिनिकमधून पुढे लष्करी किंवा नोंदणीकृत रुग्णालयात पाठवले जाते. पुण्यात तर लष्कराची हृदय आणि छातीच्या रोगांची स्वतंत्र संस्था आहे. आपण राहतो तिथून स्वारगेट एसटीने दोन-अडीच तासांवर, आणि कार्ड ट्रंकेत!

एक भीती आम्ही वारंवार ऐकतो : "बिडी ओढतो असं सांगितलं तर पेन्शन जाईल." वकील म्हणून स्पष्ट सांगतो, डॉक्टरला बिडी सांगितल्याने सेवा पेन्शन जात नाही. दारू-तंबाखूच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, हा नियम अपंगत्व पेन्शनच्या दाव्यापुरता आहे. तिथेही हिंमत सोडण्याचे कारण नाही. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत उद्भवला, तर तो नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले आहे. तो लढा सशस्त्र दल न्यायाधिकरणात लढता येतो. पण डॉक्टरपासून बिडी लपवणारा स्वतःलाच फसवतो.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एक वही ठेवा. गावातला प्रत्येक माजी सैनिक, मग तो कोणत्याही पलटणीचा आणि कोणत्याही जातीचा असो. त्याचे वय, किती वर्षे ओढली, सोडली असल्यास कधी, ईसीएचएसचे कार्ड आहे की नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला येतात, त्यांच्यासमोर ही वही ठेवा. पॉलिक्लिनिकमध्ये पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या धूम्रपानाची नोंद व्हावी आणि निकषात बसणाऱ्याला तज्ज्ञाकडे पाठवावे, असे निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. पोच घेतलीच पाहिजे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि ज्याला बिडी सोडायची आहे त्याच्या पाठीशी घरच्यांनी उभे राहावे. स्कॅन काढून पुन्हा बंडल उघडण्यात काही अर्थ नाही.

त्या हवालदारांच्या वाडीवर आणखी तीन माजी सैनिक आहेत. तिघेही साठीपुढचे, त्यांतले दोघे अजून ओढतात. भातलावणी उरकली की त्यांना घेऊन पुण्याला जायचे ठरले आहे. एकाचे कार्ड सापडत नाही. ते आधी शोधून ठेवायला त्याच्या सुनेला सांगितले आहे.