आजीची भाषा, एमएचा विषय

बीए झालं, आता पुढे काय? तलासरी-डहाणूकडच्या कॉलेजात कुणालाही विचारा, उत्तरं ठरलेली. बीएड, पोलिस भरती, नाहीतर वापीची कंपनी. ‘मी वारली भाषेवर एमए-पीएचडी करणार’ असं म्हणून तर बघा. लगेच कुणीतरी विचारेल, ‘ती काय शिकायची भाषा आहे?’

आहे ना! त्यासाठी जरा आयर्लंडकडे बघा. इंग्रजीपुढे तिथली आयरिश भाषा मागे पडत गेली. जुनी माणसं गेली की गोष्टीही जाणार, हे ओळखून तिथल्या लोककथा आयोगानं १९३७ ते १९३९ या काळात थेट शाळकरी पोरांनाच कामाला लावलं. सुमारे ५,००० शाळांमधल्या ५० हजारांहून जास्त मुलांनी आजी-आजोबांना विचारून गोष्टी, म्हणी, घरगुती औषधं, खेळ असं सगळं वह्यांत लिहून काढलं. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत, त्यावर संशोधन चालतं. आयरिश भाषा, साहित्य आणि लोकसंस्कृतीत तिथं रीतसर एमए, पीएचडी करता येते.

आता आपल्याकडे या. वारली चित्रं जगभर पोचली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण लग्नात चौक लिहिला जातो तेव्हा धवलेरी जी गाणी म्हणते, त्यांचं काय? चित्र कागदावर आलं, कापडावर आलं. गाणी बरीचशी अजून तिच्या तोंडीच आहेत. ती पाठ असणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या होत चालल्यात.

अभ्यासाची वाट आहे. मुंबई विद्यापीठात मराठी किंवा भाषाशास्त्रात एमए करता येतं, भाषाशास्त्रासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेजही आहे. तिथं संशोधनासाठी वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यातली आपली भाषा निवडा. यूजीसी नेटमध्ये ‘आदिवासी व प्रादेशिक भाषा-साहित्य’ आणि ‘लोकसाहित्य’ असे स्वतंत्र विषय आहेत. पीएचडीसाठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची फेलोशिपही आहे.

नोकरीची हमी आहे का? नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी, स्पर्धा मोठी. हे माहीत असूनच या वाटेला या. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला भाषा शिकण्यातच महिने जातात, आणि लोक मनातलं बोलायला लागेपर्यंत आणखी काही. तुम्ही ओट्यावर बसलात की गप्पा सुरू.

सुरुवातीला अॅडमिशनही लागत नाही. येत्या लग्नसराईत धवलेरीला आधी विचारा, ती ‘हो’ म्हणाली तरच मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाव, तारीख, गाणाऱ्या बाईचं नाव वहीत लिहा. न कळलेले शब्द तिलाच विचारा. रेकॉर्डिंगची एक कॉपी तिच्या घरी द्या. उद्या तुमचा प्रबंध याच वहीतून उभा राहू शकतो. आणि नाही राहिला, तरी तिच्या नातवंडांकडे तिचं गाणं तर असेल.