‘स्पेक्ट्रम’ गृहसंगणक व त्याची काळपरीक्षा

पोथ्या व दप्तरें जमविणारांच्या हातीं अलीकडे एक निराळाच वस्तुवर्ग येऊं लागला आहे. तो म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या पादांतील गृहसंगणक व त्यांचीं उपकरणें. संग्रहालयांनीं त्यांस कांचेच्या कपाटांत जागा दिली आहे खरी. परंतु पोथीस लावावयाची शिस्त त्यांस क्वचितच लावलेली दिसते. प्रस्तुत लेखांत एकच यंत्र उदाहरणादाखल घेतों.

केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें झेडएक्स स्पेक्ट्रम हें यंत्र २३ एप्रिल १९८२ रोजीं प्रसिद्ध केलें. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रास १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्रास १७५ पौंड पडत. बाह्य आकृति रिक डिकिन्सन यांची असून जुळणी डंडी येथील टायमेक्सच्या कारखान्यांत होई. पुढें भारतांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा नमुना परवान्यानें काढला. सबब आपल्याकडील माळ्यावरही त्याचा शोध घेण्यास हरकत नाहीं.

यंत्र सुरू होतांच पडद्यावर १९८२ हें साल उमटतें. यावरून पुष्कळ जण फसतात. तें मूळ ग्रंथाचें साल आहे, प्रतीचें नव्हे. १९८४ सालच्या ‘स्पेक्ट्रम प्लस’वरही तेंच उमटतें. प्रतीचा काळ ठरविण्यास आंतील पाटीवर छापलेला आवृत्तिक्रमांक पाहावा. पहिल्या आवृत्तीच्या रबरी कळा फिक्या करड्या, तर नंतरच्या निळसर आहेत. तसेंच पहिल्या आवृत्तींतील मुख्य चिपेंत राहिलेला दोष झांकण्यासाठीं एक लहान चिप पाय वर करून उलटी डकविलेली आढळते. तिला जाणते लोक ‘मेलेलें झुरळ’ म्हणतात. समासांतील हरताळ लावलेल्या दुरुस्तीइतकाच हा पुरावा मोलाचा होय. मात्र दुरुस्तीच्या वेळीं पाटी एका पेटींतून दुसरींत सहज जाते. म्हणून तळच्या क्रमांकावर एकट्यावर भिस्त ठेवूं नये.

कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर सांठवीत. प्रत्येक खंडाच्या आरंभीं एक शीर्षक असतें: त्यांत प्रकार, दहा अक्षरांचें नांव व लांबी असते, मिति नाहीं. खंडाच्या शेवटीं पडताळ्याचा एक अंक असतो. एक अक्षर जरी बिघडलें तरी तो जुळत नाहीं व यंत्र चुकीची सूचना देतें. पोथींतलें गळालेलें अक्षर संदर्भानें भरतां येतें, तशी सवलत येथें यंत्र देत नाहीं. यास्तव फीत यंत्राला जोडण्यापूर्वीं तिच्या ध्वनीची नक्कल उतरून घ्यावी.

झेडएक्स छापयंत्राचा कागद ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असे. ठिणगीनें मुलामा जाळून खालचीं काळीं अक्षरें उघडीं पडत. असे छापलेले तुकडे क्वचित् मिळतात. ते बोटांनीं हाताळूं नयेत, लगेच छायाचित्र घ्यावें.

यंत्र चालू करून पाहण्याचा मोह सर्वांत घातक. त्यास ९ व्होल्टचा, मध्य ऋण असलेला पुरवठा लागतो. आज मिळणारे बहुतेक अडॅप्टर मध्य धन असतात. जुन्या स्मृतिचिपांस तीन निरनिराळे दाब लागतात व त्यांतील उणे ५ व्होल्टचा दाब हुकला तर त्या चिपा जळतात. कळांखालील पातळ पट्टीही काळानें ठिसूळ होऊन पेटी उघडतांना तुटते. ती बदलावी लागली तरी मूळ पट्टी, चिठी बांधून, यंत्राबरोबरच ठेवावी.