तीन इंजिनं, तीन गोट

गेम खेळणाऱ्याला इंजिन दिसत नाही. पात्राने उडी मारली, भिंतीला धडकलं, सावली नीट पडली, की त्याचं समाधान होतं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यावरून हमरीतुमरीवर येतात ते गेम बनवणारे.

१९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ काढला, तेव्हा नकाशे, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलींत ठेवले होते. चाहत्यांनी लगेच स्वतःचे नकाशे रचायला घेतले. पुढे याच कंपनीच्या ‘क्वेक’चं इंजिन परवान्यावर घेऊन, त्यात बरेच बदल करून व्हॉल्वने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ उभा केला. खेळ एक आणि त्याखालचं यंत्र दुसरं, हे तेव्हापासून रुळलं.

आज मुख्य गोट तीन. १९९८ च्याच ‘अनरिअल’ खेळातून पुढे आलेलं एपिकचं अनरिअल. कोपनहेगनच्या तिघांनी २००५ मध्ये आधी फक्त मॅकसाठी आणलेलं युनिटी. आणि अर्जेंटिनात जन्मलेलं, २०१४ मध्ये सोर्स कोडसकट खुलं झालेलं गोडो.

साधी उडी घ्या. अनरिअलमध्ये ब्लूप्रिंट या चित्रमय पद्धतीतले चौकोन तारांनी जोडले की कोडची ओळही न लिहिता पात्र उडतं. पण तर्क वाढला की तारांचा गुंता होतो. युनिटीत सी-शार्प स्क्रिप्ट वस्तूला चिकटवायची आणि खेळ चालू असतानाच उडीचा आकडा कमी-जास्त करून बघायचा. खेळ थांबवला की तो आकडा पूर्ववत होतो, आणि नवशिक्याची तासाभराची मेहनत वाया जाते. गोडोच्या तयार साच्यात उडीचा वेग उणे ४०० असतो, कारण तिथे द्विमितीत वाय-अक्ष खाली वाढतो. अशा खाचाखोचा अंगवळणी पडायला वर्षं जातात. इंजिनावरची निष्ठा ही मुख्यतः त्या वर्षांवरची निष्ठा असते.

म्हणूनच सप्टेंबर २०२३ चा भडका समजतो. ठरावीक कमाई आणि इन्स्टॉलच्या पुढे प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे २० सेंटपर्यंत आकारणी करण्याचं युनिटीने जाहीर केलं, तेही आधीच बाजारात असलेल्या खेळांसकट. ज्यांनी हिशोब मांडून धंदा उभा केला होता, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ‘टेरारिया’ हा खेळ बनवणाऱ्या री-लॉजिकने निषेध म्हणून गोडो आणि एफएनए या खुल्या प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. महिन्याभरात युनिटीचे प्रमुख जॉन रिकिटिएलो पायउतार झाले, आणि वर्षभराने ती आकारणीच रद्द झाली. तोवर अनेकांनी गोडोची वाट धरली होती.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ अनरिअलवर घडवला. तो २०२० मध्ये आला. त्याची चर्चा झाली ती राजस्थानी वळणाच्या वास्तूंची आणि दुर्गेच्या कथेची. इंजिनाबद्दल फारसं कुणी विचारलं नाही.

तेव्हा शिकायला बसणाऱ्याने गोटात सामील होण्याची घाई करू नये. आधी परवान्याच्या अटी वाचाव्यात, मग हाताला जे सोपं वाटेल ते इंजिन घ्यावं आणि त्यावर एक छोटा खेळ शेवटपर्यंत नेऊन पुरा करावा.