दुबईत सायकलवर : नव्याने जाणाऱ्या कामगाराने काय ध्यानात ठेवावे

कोकणातून, भिवंडी-मालेगावातून आणि मराठवाड्यातून आखाती मुलखात रोजगारासाठी जाणाऱ्यांचा ओघ जुना आहे. शिंपी, जरीकाम करणारे, सुतार, बेकरीवाले, एसी दुरुस्त करणारे, किराणा दुकानावर काम करणारी पोरे असे सर्व प्रकारचे लोक जातात. व्हिसा, तिकीट आणि पगार यांचा हिशेब घरात चार वेळा बसून होतो. पण तिथे उतरल्यावर खोलीपासून कामापर्यंत रोज जायचे कसे, याचा विचार निघण्यापूर्वी फार थोडे लोक करतात. मग पहिल्या-दुसऱ्या पगारात कित्येकजण एक जुनी सायकल घेतात आणि गावाकडे चालवत होते तशीच ती चालवू लागतात. धोका नेमका तिथेच आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. बर दुबईचा कापड बाजार आणि सतवा भागातली शिंप्यांची दुकाने आमच्या व्यवसाय-बंधूंना परिचित आहेत. तिथे जाणाऱ्या कारागिरांना सायकलीबद्दल जे सांगायला हवे, ते आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. मुख्य मुद्दा एकच : दुबईत सायकल ही गरिबाची मोकळी सवारी नाही, ती कायद्याखालचे वाहन आहे. तिचा फायदा एका मोहल्ल्याच्या हद्दीत आहे. ती हद्द ओलांडली की दंड आहे आणि जिवाचीही भीती आहे.

डाव्या हाताची सवय सोडा

आपल्याकडे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, दुबईत उजव्या बाजूने. हे सर्वांना ठाऊक असते, पण ठाऊक असणे वेगळे आणि अंगात मुरणे वेगळे. आपल्याकडे रस्त्यावर पाऊल टाकताना नजर आपोआप आधी उजवीकडे जाते, कारण जवळची गाडी तिकडून येते. दुबईत जवळची गाडी डावीकडून येते. पहाटे झोपेच्या डोळ्यांनी किंवा बारा तासांच्या ड्युटीनंतर माणूस विचाराने नव्हे, सवयीने चालतो, आणि सवय त्याला चुकीच्या बाजूला पाहायला लावते.

तीन जागा विशेष सांभाळाव्यात. पहिली जागा म्हणजे गल्लीतून मोठ्या रस्त्यावर निघण्याची. तिथे थांबून आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे पाहावे. दुसरी जागा चौकाची. आपल्याकडे डावीकडे वळणे सोपे आणि उजवीकडे वळणे अवघड असते. तिथे सर्व उलट आहे. डावीकडे वळायचे तर समोरची सगळी वाहतूक कापावी लागते. नव्या माणसाने चालत्या गाड्यांमधून ते करूच नये. खाली उतरावे, सायकल हातात धरावी आणि झेब्रा पट्ट्यावरून दोन टप्प्यांत चालत पलीकडे जावे. तिसरी जागा गोल चौकाची. तिथे गाड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात आणि गोलात असलेली गाडी आपल्या डाव्या हाताने येते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपण सायकलवर चढतो ते बहुधा तिच्या डाव्या बाजूने. आपल्याकडे डावी बाजू म्हणजे रस्त्याची कड, म्हणून माणूस सुरक्षित असतो. दुबईत रस्त्याच्या उजव्या कडेला सायकल उभी करून डावीकडून चढू लागलात तर तुमची पाठ धावत्या गाड्यांकडे असते. म्हणून चढणे-उतरणे गल्लीच्या आत करावे आणि सिग्नलला थांबताना उजवा पाय कडेला टेकवावा.

कित्येक चौकांत उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी वाट काढलेली असते. तिथे त्या सिग्नलला थांबत नाहीत, फक्त वाट देऊन निघतात. ट्रक किंवा बस उजवीकडे वळत असेल तर तिच्या उजव्या बगलेत शिरू नये. चालकाला त्या कोपऱ्यातला सायकलवाला दिसत नाही.

कोणता रस्ता खुला, कोणता बंद

दुबईने २०२२ साली सायकलींसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार ज्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची मर्यादा आहे, तिथे सायकल नेण्यास मनाई आहे आणि दंड ३०० दिरहम आहे. हेल्मेट आणि चमकणारे जाकीट नसेल तर २०० दिरहम. पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवर सायकल चालवली तरी २०० दिरहम. दंडावर भागले नाही तर सायकल जप्तही होऊ शकते.

हा दंड पगाराशी ताडून पाहावा. समजा, एखाद्याला महिन्याला १,२०० दिरहम मिळतात. म्हणजे रोजचे ४० दिरहम झाले. हेल्मेट घातले नाही म्हणून पाच दिवसांची मेहनत गेली आणि चुकीच्या रस्त्यावर गेला म्हणून साडेसात दिवसांची. बसचे भाडे वाचवण्यासाठी घेतलेली सायकल एका चुकीत महिन्याची बचत खाऊन टाकते.

शहराची ठेवणही समजून घ्यावी. देरा, नाईफ, बर दुबई, करामा, सतवा हे जुने मोहल्ले दाट वस्तीचे आहेत. आतल्या गल्ल्यांत वेग कमी असतो आणि सायकल कामाला येते. पण एक मोहल्ला आणि दुसरा मोहल्ला यांच्यामध्ये महामार्ग पडलेले आहेत. शेख झायेद रोड दोन्ही बाजू मिळून बारा-चौदा पदरांचा आहे. तो सायकलीसाठी नाही, आणि पायी धावत ओलांडण्यासाठी तर मुळीच नाही. कामगारांच्या वस्त्या असलेला अल कूज किंवा मुहैसना (ज्याला आपले लोक सोनापूर म्हणतात) येथून नकाशावर कामाची जागा जवळ दिसते. पण मधला रस्ता सायकलीला बंद असेल तर ते जवळचे अंतर काही उपयोगाचे नाही. म्हणून खोली ठरवताना किलोमीटर विचारू नयेत, वाट विचारावी.

नेमलेली जागा सोडून रस्ता ओलांडल्यास ४०० दिरहम दंड आहे. २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीच्या नव्या वाहतूक कायद्याने हे आणखी कडक केले आहे. ८० किंवा त्याहून जास्त वेगाच्या रस्त्यावर असे ओलांडण्यातून अपघात घडला तर किमान तीन महिन्यांची कैद आणि किमान १०,००० दिरहमपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

दुबईत सायकलींसाठी खास बांधलेल्या वाटा ५०० किलोमीटरहून अधिक आहेत. पण त्यांतल्या पुष्कळशा व्यायाम आणि हौसेसाठी आहेत. अल कुद्राची प्रसिद्ध वाट वाळवंटातून जाते. दुकानावर जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर अशी पट्टी असेल तर मात्र तीच धरावी.

सायकल, मेट्रो आणि आब्रा यांची सांगड

शहाणपण असे की सायकलीने दोन्ही टोकांचे काम करावे आणि लांबचा पल्ला दुसऱ्यावर सोपवावा. मेट्रो २००९ पासून धावते आहे. तिची लाल मार्गिका बऱ्याच भागात शेख झायेद रोडच्या कडेने जाते. स्टेशनांचे पूल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात, म्हणजे महामार्ग ओलांडण्याची सुरक्षित वाटही तीच. दुमडणाऱ्या सायकलीखेरीज दुसरी सायकल डब्यात नेता येत नाही. म्हणून सायकल स्टेशनबाहेर नेमलेल्या जागी कुलूप लावून ठेवावी. भाड्यासाठी नोल कार्ड लागते, ते पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

देरा आणि बर दुबई यांच्यामध्ये खाडी आहे. जुन्या धाटणीची लाकडी आब्रा एका दिरहमात पलीकडे सोडते. एका काठावर खोली आणि दुसऱ्या काठावर दुकान असेल तर पुलांच्या वाहतुकीत सायकल घालण्यापेक्षा हा दिरहम स्वस्त आहे.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा मोह नव्या पोरांना होतो. तिचे नियम वेगळे आहेत. गाडी चालवण्याचे लायसन नसेल तर तिच्यासाठी परवाना काढावा लागतो.

विकत घेताना आणि कामावर वापरताना

जुनी सायकल घेताना विकणाऱ्याकडून चिठ्ठी लिहून घ्यावी : तारीख, रक्कम, सायकलीचा रंग आणि चौकटीवरचा नंबर. चोरीचा माल निघाला तर तीच चिठ्ठी उपयोगी पडते. दोन्ही ब्रेक, घंटी, पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा पाहून घ्यावा. कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा, हे चालवून पाहावे. हात ज्या बाजूला सरावलेले आहेत त्याच्या उलट जोडणी असेल तर घाईत पुढचा ब्रेक दाबला जातो आणि माणूस हँडलवरून पडतो. हेल्मेट व जाकीट यांची किंमत सायकलीच्या किमतीतच धरावी.

किराणा, कॅफेटेरिया किंवा लाँड्रीचा माल पोहोचवण्यासाठी सायकल दिली जाते, तेव्हा आधीच बोलून घ्यावे. सायकल कोणाची, दुरुस्ती कोणाची, हेल्मेट कोण देणार, आणि मालकाच्या घाईमुळे दंड झाला तर तो कोण भरणार? धंद्यात आधी बोललेले बरे, मागाहून भांडण नको. तोल जाईल असे ओझे लादू नये. कापडाचे गठ्ठे हँडलला लटकवू नयेत, ते वळणावर चाकात येतात.

ऊन, धुके आणि अंधार

उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि समुद्राच्या दमट हवेत घाम सुकत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२:३० ते ३ पर्यंत उघड्यावर काम घेण्यास सरकारने बंदी केली आहे. ज्या वेळी उन्हात उभे राहून काम करणे धोक्याचे मानले आहे, त्या वेळी सायकल दामटणेही धोक्याचेच. डोके गरगरले, घाम एकाएकी बंद झाला तर लगेच उतरून सावली गाठावी. हिवाळ्यात पहाटे धुके पडते आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा दिवे आणि जाकीट हाच आधार. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास चालकांना घराची घाई असते. त्या वेळी रस्त्यावर न उतरणे उत्तम.

अपघात झाला तर

पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८ हे नंबर तोंडपाठ असावेत. मार थोडा वाटला तरी पोलीस आल्याशिवाय जागा सोडू नये आणि चार पैसे घेऊन परस्पर मिटवू नये. चूक कोणाची, हे पोलिसांच्या अहवालात लिहिले जाते आणि भरपाईचा दावा त्यावरच उभा राहतो. बंद रस्त्यावर, हेल्मेटशिवाय, उलट दिशेने जाणाऱ्याचा दावा लंगडा पडतो, हे उघड आहे. एमिरेट्स आयडी नेहमी खिशात असावे. रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठीही सोबत ठेवावी.

ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट आहे, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेले, त्यांना भारत सरकारचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. त्याचा कागद एजंटाकडे न ठेवता त्याची एक प्रत घरी बायकोच्या किंवा आईच्या हाती द्यावी. मुदत संपते कधी, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

पोरांना परदेशी धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे की, लोणच्याच्या बरणीसोबत ही माहितीही बांधून द्या. पहिल्या सुट्टीच्या सकाळी, रस्ते रिकामे असताना जुन्या जाणत्या गाववाल्यासोबत खोली ते काम ही वाट एकदा पायी आणि एकदा सायकलीने पाहून घ्यावी. तेवढे झाल्याशिवाय एकट्याने सायकल रस्त्यावर काढू नये.