नाकाला चिमटा

हल्ली तरुणांत एक सचित्र विनोद फिरत आहे: देखणा पुरुष व सामान्य पुरुष यांत अंतर ते काय, चेहऱ्याच्या हाडाचे काही मिलिमीटर! त्यावर हसावे, तर कित्येकजण खरोखरच जबडा मोजू लागले आहेत.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटात हेच दुःख आहे. वरच्या जातीच्या शालूला आवडावे म्हणून जब्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावतो. नाकाचा शेंडा मऊ कूर्चेचा. चिमटा निघाला की तो पूर्ववत होतो. हाडाला तर त्याची वार्ताही नसते. मात्र त्या पोराला नाकाची लाज शिकविली कोणी?

या मोजमापाला शास्त्राचाही टिळा लागलेला आहे. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणावे. हा अंक जितका लहान तितकी जात उच्च, असे १८९१ साली रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने प्रतिपादिले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापे पुन्हा पारखली, तेव्हा संयुक्त प्रांताबाहेर हा नियम टिकेना. शास्त्रातून तो गेला. जब्याच्या गावातून मात्र गेलेला नव्हता.

जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला पुढे उत्कृष्ट बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.