फॉरमॅट मारण्याआधी थांबा! फाइल्स न गमावता विंडोज पुन्हा कशी टाकाल?

"लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारावा लागेल." दुकानात हे ऐकून आपण मान डोलावतो. दोन दिवसांनी लॅपटॉप झकास चालतो, पण जयंतीचे फोटो, सभासदांची यादी आणि शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले दाखले गेलेले असतात. मित्रांनो, हे टाळता येते. विंडोज नव्याने टाकणे आणि डिस्क पुसणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आधी बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा. त्यातल्या चार-पाच फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्या उघडल्या तरच बॅकअप झाला असे समजा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. अनेकदा ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

फॉन्ट विसरू नका

आपली जुनी पत्रके आणि स्मरणिका श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. विंडोज नवी टाकली की बाहेरून टाकलेले फॉन्ट जातात. मग फाइल शाबूत असूनही मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातून हे फॉन्ट कॉपी करा, सॉफ्टवेअरची लायसन्स की जपून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल्सची पीडीएफ काढून घ्या.

प्रत्यक्ष काम

१. चार्जर लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी असे जा. विंडोज १० मध्ये रिकव्हरी हा पर्याय 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये आहे.

२. 'रिसेट धिस पीसी' निवडा.

३. 'कीप माय फाइल्स' हाच पर्याय घ्या. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेतलात तर सगळे पुसले जाईल.

४. 'क्लाउड डाउनलोड' निवडल्यास ४ जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. मोबाइलच्या नेटवर काम करत असाल तर 'लोकल रीइन्स्टॉल' घ्या.

यात वैयक्तिक फाइल्स राहतात, पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. काय काय गेले याची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवते.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर?

दुसऱ्या संगणकावर उबंटूचा पेन ड्राइव्ह बनवा. त्यावरून लॅपटॉप सुरू करून 'ट्राय उबंटू' निवडा. इथे इन्स्टॉल काहीही करायचे नाही. बिटलॉकर असेल तर की द्या, फाइल्स बाहेर काढा आणि मगच दुरुस्तीकडे वळा. मात्र हार्ड डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या.

दुकानात द्यावाच लागला तर "डेटा ठेवूनच विंडोज टाका" असे पावतीवर लिहून घ्या. तरीही बॅकअप घरी ठेवूनच निघा. पावती दाखवून गेलेले फोटो परत मिळत नाहीत.